कुलूप बाहेरच्यांसाठी असतं

चुकीचा पासवर्ड, असं मोहिनीचा फोन म्हणाला आणि कुंदनला आधी हसूच आलं. आपल्याच घराची बेल वाजवावी आणि आतून कुणीतरी 'कोण पाहिजे?' असं विचारावं, तसलाच तो प्रकार होता. फोन त्याने काही संशयाने उचलला नव्हता. रविवार होता, चहा झाला होता, पेपर वाचून झाला होता, आणि फ्रिजशेजारच्या प्लगला बायकोचा फोन लावलेला होता. हात सवयीने गेला. रोज ती आंघोळीला गेली की जायचा तसाच. त्या फोनचे चार आकडे त्यानेच घालून दिलेले, त्याच्या बोटांना ते पाठ होते. पण आज आकडे आलेच नाहीत. त्यांच्या जागी अक्षरांची पाटी उघडली, आणि वर, घड्याळाच्या खाली, पांढऱ्या अक्षरांत दोनच शब्द होते : माझं नाव.

सकाळी उजाडता उजाडता सोसायटीतल्या बायकांची बस वणीला गेली होती, गडावर देवीच्या दर्शनाला. मोहिनीही गेली होती. दिंडोरीच्या पुढे गेल्यावर तिने खालच्या मजल्यावरच्या संजनाच्या फोनवरून फोन केला होता. "अहो, माझा फोन घरीच राहिला." तो म्हणाला, "बघितला मी." त्यावर ती म्हणाली, "असू द्या तिथेच. हात नका लावू, चार्जिंगला लावलाय." तेव्हा हे वाक्य त्याच्या कानावरून सरळ गेलं होतं. आता ते माघारी आलं. चार्जिंगच्या फोनला हात लावला तर काय शॉक बसतो? हात नका लावू. सव्वीस वर्षांच्या संसारात ही बाई असं कधी म्हणाली होती का? 'जेवता का', 'येताना कोथिंबीर आणा', 'पंखा बारीक करू का', अशी तिची वाक्यं. सगळी विचारायची, नाहीतर सांभाळून घ्यायची. नको म्हणणारं वाक्य तिच्याकडे होतं, हेच त्याला नवीन होतं.

आता कुंदन म्हणजे या विषयातला ऐरागैरा नव्हे. एका पतसंस्थेच्या कॉम्प्युटर विभागात आयुष्य काढून तो स्वेच्छेने बाहेर पडलेला, आणि पाथर्डी फाट्याच्या त्या सोसायटीत मोबाइल म्हटलं की लोक त्याच्याच दाराशी येत. क्लबहाउसमध्ये त्याची व्याख्यानं होत. 'आपला मोबाइल, आपली तिजोरी' असं फळ्यावर लिहून तो उभा राही आणि समोरच्या निवृत्त मंडळींना दरडावून सांगे : जन्मतारीख ठेवू नका. आकडे नको, अक्षरं ठेवा. जे नाव जगाला माहीत आहे ते कधीच ठेवू नका. दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करा. चुकीचा पासवर्ड वारंवार टाकला तर फोनने स्वतःला पुसून टाकावं, ही सेटिंग प्रत्येकाने चालू केलीच पाहिजे, चोराच्या हाती नुसता डबा लागला पाहिजे. आणि विसरभोळे असाल तर लॉक स्क्रीनवर फक्त तुम्हालाच कळेल अशी खूण लिहून ठेवा. म्हातारे माना डोलवत. मोहिनी मागे चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. ती ऐकते आहे असं त्याला कधी वाटलं नाही. ट्रे धरलेलं माणूस ऐकत असेल, असं कुणालाच वाटत नाही.

ही सगळी कुलपं अर्थात बाहेरच्यांसाठी. घरात कुलूप लागत नाही, हे त्याने वडिलांकडून घेतलं होतं. वडील रेल्वेत होते, इगतपुरीला. क्वार्टर्सच्या भिंतींना चार महिने ओल, कपड्यांना कुबट वास, आणि रविवारी सकाळी वडिलांची तपासणी. सगळ्यांच्या ट्रंका बाहेर ओढायच्या आणि उघडायच्या. कुणाच्या ट्रंकेला कुलूप असलं तर वडील शांतपणे विचारायचे, "चोर आहेस का? मग कुलूप कशाला? कुलूप बाहेरच्यांसाठी असतं." आईची एक लहानशी पेटी होती, पितळी कडीची. एका रविवारी वडिलांनी ती कडी पक्कडीने पिरगाळली. आत एक करवंदीचं वाळलेलं पान, दोन मोत्यांच्या बाळ्या आणि कुणा मैत्रिणीचा फोटो, बस्स. वडील हसले. "एवढ्यासाठी?" म्हणाले. आई हसली नाही. ती पेटी तिने त्याच दिवशी शेजारणीला देऊन टाकली. ते हसू मात्र कुंदनला आवडलं होतं. मोठं झाल्यावर असं हसता आलं पाहिजे, असं त्याला तेव्हाच वाटून गेलं होतं.

आणि तसं त्याला हसता येतही होतं. त्याने टाइप केलं, मोहिनी. मराठीत. चुकीचा पासवर्ड. मग इंग्रजीत. चुकीचा. असेल, पहिलं अक्षर मोठं असेल. तेही चुकीचं. बरोबर आहे, नुसतं नाव ठेवू नका असं मीच शिकवलंय, पुढे काहीतरी जोडलं असणार. त्याला त्याही स्थितीत शिष्येचं कौतुक वाटलं. नावाबद्दल त्याला शंका नव्हती. असणार कशी? ते नाव त्यानेच ठेवलेलं. मखमलाबादच्या बाजूला, फुलांच्या मळ्यात मांडव पडला होता, झेंडूचा वास इतका की डोकं धरलं होतं. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरून त्याच्यापुढे ठेवले आणि हातात अंगठी दिली. काय नाव ठेवणार, म्हणून बायकांनी गलका केला. त्याने अंगठीने तांदळांत रेघा ओढल्या : मोहिनी. एका कॅलेंडरवर पाहिल्यापासून ते नाव त्याच्या मनात होतं. बायको कोणीही असती तरी मोहिनीच झाली असती. तिचं आधीचं नाव काहीतरी होतंच, असणारच. लग्नपत्रिकेत छापलंही होतं. काहीतरी गावठी, त्याच्या मित्रांनी त्यावरून चेष्टा केली होती, एवढं त्याला आठवत होतं. तांदूळ नंतर पुन्हा डब्यात गेले असतील आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा भात झाला असेल.

फोनने आता थांबायला लावलं. ठरावीक चुका झाल्या की तो थोडा वेळ तोंड मिटून बसतो, हेही कुंदन लोकांना शिकवत असे. त्या थांबण्यात घर फार शांत झालं. वरच्या मजल्यावर कुणी मिक्सर लावला. ओट्यावर तिने त्याच्यासाठी झाकून ठेवलेल्या पोळ्या होत्या, त्यावर ताटली, ताटलीवर वाटी. फोनमध्ये काय असेल? माणसाचं मन पहिल्यांदा जातं तिथेच त्याचं गेलं. कोणी आहे का? या वयात? मग त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेमागोमाग खरं काय ते दिसलं. फोनमध्ये तिची आई होती.

सासूबाई, भागीबाई, गेल्या पौषात गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. नातवाने फोनमधलं माइकचं चित्र कुठे दाबायचं ते दाखवल्यापासून त्या बोलून निरोप धाडायच्या. मळ्यातून, बांधावरून, पाण्याची मोटर चालू असताना. शेवंतीवर मावा पडला, भारत ऐकत नाही, तुला काल स्वप्नात पाहिलं, कुत्री व्याली. असे शेकडो निरोप. आई गेल्यापासून मोहिनी रोज दुपारी जेवण आटोपलं की बाल्कनीत बसून, फोन कानाशी धरून, त्यातला एखादा ऐकायची. उत्तर देण्यासारखी मान हलवायची. कुंदनला ते दिसायचं. त्याने ते कधी थांबवलं नाही, याबद्दल त्याला स्वतःचं बरंच कौतुक वाटत असे.

पण एकदा गंमत केली होती. केली तर केली. तिच्या फोनचं खातं त्यानेच उघडून दिलेलं, त्याच्या नंबरवर, त्याच्या पासवर्डने. तेव्हा तिचं सगळं त्याच्या ताब्यात होतंच. आदल्या दिवाळीत त्याचे जुने सहकारी जेवायला आले होते, सासूबाई तेव्हा जिवंत होत्या. त्याने आपल्या मांडीवर तिचा फोन ठेवला आणि सासूबाईंचा एक निरोप दुप्पट वेगाने वाजवला. पाहुणे हसले. मग त्याने स्वतः नक्कल करून दाखवली. ते खाकरणं, तो 'लय', तो 'हाय', मधेच कुणा गड्याला घातलेली शिवी. नक्कल झकास जमली. हसता हसता एकाला ठसका लागला. मोहिनी श्रीखंड वाढत होती. तिने सगळ्यांना वाढलं, त्यालाही वाढलं, जरा जास्तच वाढलं. तेव्हाही त्याला वाटलं, बघा, हिला खेळकरपणा आहे.

फोन पुन्हा उघडला तशी त्याने आपलं आणि तिचं नाव जोडून टाकलं. चुकीचं. तिचं नाव आणि आपलं आडनाव. चुकीचं. आता त्याने पुण्याला मुलीला फोन लावला. पल्लवी नोकरीला लागली त्या आठवड्यातच तिने फोनचा पासवर्ड बदलला होता आणि तसं त्याला तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून तिच्याशी तो जरा जपूनच बोलत असे.

"पल्लू, आईच्या फोनचा पासवर्ड काय गं?"

"का? आई कुठे आहे?"

"वणीला. एक काम होतं. स्क्रीनवर नुसतं 'माझं नाव' लिहिलंय, आणि नाव टाकलं तर घेत नाही."

"कुठलं नाव टाकलंत, बाबा?"

"कुठलं म्हणजे? मोहिनी. आणखी कुठलं?"

"फोन खाली ठेवा."

"मी काय विचारतोय—"

"बाबा, फोन खाली ठेवा. त्यात आजीचा आवाज आहे. दुसरीकडे कुठे नाही तो. आणि पासवर्ड मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. तो तुम्हाला माहीत असायला पाहिजे होता."

तिने फोन कट केला. पुन्हा लावला तर घेतला नाही. या दोघींचं आपापसात ठरलेलं आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि त्याला जे झालं त्याला दुसरं नाव नाही, त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोटच्या पोरीने मला शिकवावं? मला? ज्याने या घरातलं एकूण एक यंत्र आपल्या हाताने चालू केलं त्याला? मुलगी जे बोलली त्यातलं त्याने एवढंच ऐकलं की पासवर्ड त्याला माहीत असायला पाहिजे. म्हणजे तो त्याच्याशी संबंधित आहे. म्हणजे तो सापडेल. आजीच्या आवाजाचं ऐकलं नाही असं नाही, पण त्याची काळजी त्याला वाटली नाही, कारण बॅकअप त्याच्याच खात्यात होता. सगळं सुरक्षित होतं. त्यानेच केलेलं होतं.

मग त्याने तिची लाडाची नावं आठवायचा प्रयत्न केला. लाडाची नावं नव्हती. 'अगं' म्हटलं की भागायचं. 'अगं' टाकून पाहिलं. 'कुंदनची मोहिनी' टाकून पाहिलं आणि ते टाकताना त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं, स्वतःच्याच चांगुलपणाने. चुकीचं. फोन गप्प बसे, तो येरझाऱ्या घाली, फोन उघडे, तो टाइप करी. त्या नावाखेरीज तिला दुसरं नाव असू शकेल, हे त्याच्या मनात आलंच नाही. आलं असतं तर कथा इथेच संपली असती. पण इतकी वर्षं आपण ठेवलेल्या नावाने हाक मारली आणि माणूस 'ओ' देत आलं, की आपल्याआधी त्या माणसाला कुणी हाक मारली असेल, हे सुचायचं राहून जातं. शेवटी पडद्यावर तांबड्या अक्षरांत सूचना आली. आणखी एक चुकीचा प्रयत्न झाला, तर या फोनमधला सर्व डेटा पुसला जाईल.

ही सूचना त्याने क्लबहाउसच्या पडद्यावर कितीदा दाखवली होती. म्हातारे ती पाहून 'बाप रे' म्हणत. तो फोन हातात घेऊन खुर्चीवर बसला. इथे त्याला थांबता आलं असतं, आणि हे त्याला कळत होतं. फोन पुन्हा चार्जिंगला लावायचा, संध्याकाळी ती येणार, ती विचारणारही नाही. एवढं सोपं होतं. पण मग रोज तो फोन त्या फ्रिजशेजारी बंद डोळ्यांनी पडलेला असणार आणि रोज तो त्याच्या शेजारून पाणी प्यायला जाणार. आपल्या घरात एक दार असं, की ज्याच्या बाहेर आपण. त्याच्या छातीत काहीतरी लहान मुलासारखं हट्टाने पाय आपटू लागलं. एखाद्या बाईला 'माझं नाव' म्हणून काय सुचेल, असा विचार करता करता त्याला एकदम वाटलं, अरे, सोपं आहे. बाई काय म्हणते? माझं नाव म्हणजे नवऱ्याचं नाव. उखाण्यात घेतात तेच ते. त्याने आपलं स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सावकाश, एकेक अक्षर तपासून टाकलं, आणि बरोबरची खूण दाबली.

पडदा काळा झाला. मग कंपनीचं नाव आलं. मग एक निळी रेघ डावीकडून उजवीकडे शांतपणे चालत गेली. त्याने बाजूचं बटण दाबून पाहिलं, धरून ठेवलं, दोन्ही हातांनी दाबलं. रेघ चालत राहिली. थोड्या वेळाने फोनने अगदी नव्या पाहुण्यासारखं 'नमस्कार' म्हटलं आणि भाषा कोणती हवी ते विचारलं. कुंदन म्हणाला, "काही नाही, बॅकअप आहे." घरात कोणी नसताना तो मोठ्याने बोलला. आपल्या फोनवरून त्याने तिचं खातं उघडलं. पासवर्ड तोच होता, त्याचा. बॅकअपच्या जागी काही नव्हतं. जुना पुसलेला, आणि पुढचा बंद केलेला. तारीख पाहिली तर आदल्या दिवाळीचीच होती, पाहुणे गेले त्या रात्रीची. म्हणजे श्रीखंड वाढून, भांडी घासून झाल्यावर तिने आपल्या आईला त्याच्या खात्यातून काढून घेतलं होतं आणि एका जागी, फक्त एका जागी ठेवलं होतं. त्याने शिकवलेलं सगळं तिने केलं होतं. एकही सेटिंग चुकली नव्हती.

भीती त्याला आता वाटली. ती दुःखाची नव्हती, पकडलं जाण्याची होती, आणि तिच्यात त्याचं डोकं फार भराभर चालू लागलं. निरोप जिने पाठवले तिच्या फोनमध्येही ते असतीलच. सासूबाईंचा फोन भारतकडे, तिच्या भावाकडे असणार. त्याने स्कूटर काढली. गंगापूर रोडने, मग आतल्या रस्त्याने, मखमलाबादपर्यंत तो मनात वाक्यं जुळवत गेला. मळा कमी झाला होता, बांधाला लागून नव्या इमारतीचे पत्रे उभे होते. पत्र्यांच्या अलीकडे गुलाबाचे वाफे, आणि पडवीत भारत आणि त्याची बायको मनीषा फुलांच्या जुड्या बांधत बसलेली.

"या दाजी, या," भारत उठला. "आज इकडं कुणीकडं वाट चुकलात? आन नवसा नाय आली?"

"कोण?" कुंदन म्हणाला.

भारत हसला. "आता! कोण म्हंजे? नवसा. आमची नवसाबाई. तुमची मोहिनी हो."

मनीषा तोंडाला पदर लावून हसली. कुंदनही हसला. हसताना त्याच्या ओठांना कोरड पडली होती आणि ते दातांना चिकटले. त्याने पाणी मागितलं.

"आईची दोन पोरं गेली ना आधी," भारत जुडीला दोरा गुंडाळत सांगत होता, काहीतरी बोलायचं म्हणून, "मंग तिनं गडावर नवस केला. पोर जगली तर तुझ्या नवसाचंच नाव ठेवीन म्हनली. म्हनून नवसाबाई. शाळेत पोरी लय चिडवायच्या तिला, पन आईनं काय बदलू दिलं नाय. लग्नात तुमी मोहिनी ठेवलं तव्हा आई आत जाऊन रडली व्हती. देवीच्या नवसाचं नाव हाय, म्हनली, ते पुसू नाय. आन मरस्तोवर तिनं काय दुसऱ्या नावानं हाक मारली नाय तिला."

नवसे. प्रत्येक निरोपाची सुरुवातच त्या शब्दाने व्हायची. 'नवसे, ऐक गं.' कुंदनने ते किती वेळा ऐकलं होतं. नक्कल करताना तर स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं, पाहुण्यांसमोर, तो खास गावठी हेल काढून, आणि सगळ्यांत मोठं हसू त्याच शब्दाला आलं होतं. त्याला ती हाक वाटलीच नव्हती. म्हातारीचं काहीतरी खाकरणं वाटलं होतं. पाण्याचा तांब्या त्याने तोंडाला लावला आणि बराच वेळ लावूनच ठेवला.

"भारत, सासूबाईंचा फोन आहे ना तुझ्याकडे?" तो शेवटी म्हणाला. "जरा बघायचा होता."

"हाय की. गडी वापरतो आता." भारतने हातातली जुडी खाली ठेवली. "पन त्यात काय बघायचंय, दाजी? चौदाव्याला तुमीच नाय का बसून समदं पुसून दिलं? मी म्हनलं, राहू द्या, आवाज हाय तिचा. तर तुमी म्हनलात, असं दुसऱ्याच्या हातात दिऊ नाय, शेफ्टीचं असतंय."

ते खरं होतं, आणि तो ते साफ विसरला होता. याच पडवीत, याच खाटेवर बसून त्याने ते केलं होतं, आणि केल्यावर फोन पुसून, फुंकर घालून, परत दिला होता. मोहिनी तेव्हा दारात उभी होती. तिने फक्त आपला फोन पदराखाली घेतला होता. त्या वेळी त्याला वाटलं होतं, बायकांना सवयच असते पदर सारखा करायची.

"तुमच्याकडे कुणाकडे एखादा निरोप—"

"आमी कशाला ठिवू?" मनीषा म्हणाली. "त्या रोज समोरच व्हत्या की. नवसाताईकडं हायेत ना समदे."

परतताना त्याने स्कूटर सावकाश चालवली. नवसा. हेल्मेटच्या आत तो म्हणून पाहत होता. नवसाबाई. नवसे. शब्द जिभेवर बसत नव्हता. हा शब्द सकाळी आठवला असता तर. पण आठवायला आधी माहीत असावा लागतो, आणि माहीत करून घ्यायला विचारावा लागतो. सव्वीस वर्षांत त्याने तो विचारला नव्हता. हे त्याला कळलं, पण ते कळणं त्याने फार वेळ टिकू दिलं नाही. माणूस स्वतःला किती वेळ शिक्षा देणार? रामवाडीच्या पुलापर्यंत येता येता त्याच्या मनात दुसरंच आलं. आई गेली, आईचा आवाज गेला, पण त्या आवाजातली हाक तर आपल्याला मिळाली आहे. आपणच ती मारू. ती किती चकित होईल. इतक्या वर्षांनी, नवऱ्याच्या तोंडून. तिच्या डोळ्यांत पाणी येईल. फोनचं दुःख त्यात वाहून जाईल. घेतलं त्याच्या बदल्यात आपण काहीतरी देतो आहोत असं त्याला वाटू लागलं, आणि घरी पोचेपर्यंत तर तो जवळजवळ आनंदात होता. जिना चढताना त्याने नाव आणखी एकदा म्हणून पाहिलं. आता ते बरं जमत होतं.

ती दिवेलागणीला आली. कपाळभर कुंकू, केसांत बसच्या खिडकीचा वारा, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत सोसायटीत वाटायचे प्रसादाचे पुडे. तिने चपला काढल्या, देवापुढे हात जोडले आणि सरळ फ्रिजशेजारी गेली. फोन तिथेच होता, चार्जिंगला, पुसून स्वच्छ केलेला. तिने तो उचलला. पडद्याने तिला भाषा कोणती हवी ते विचारलं.

"अगं, त्याचं काय झालं," कुंदनने पाठ केलेलं सुरू केलं, "दुपारी आपोआपच बंद पडला. अपडेट आलं असणार रात्री. हल्ली या कंपनीच्या फोनांचं असंच होतंय. मी बघायला गेलो तोवर सगळं गेलेलं. मी खूप प्रयत्न केला. पार मखमलाबादपर्यंत जाऊन आलो, सासूबाईंच्या फोनात काही राहिलंय का बघायला."

ती ऐकत होती. "सगळं?" तिने विचारलं.

"सगळं. यंत्रच ते शेवटी."

ती खुर्चीवर बसली. फोन तिने कानाशी नेला, दुपारी न्यायची तसाच, आणि थोडा वेळ धरला. आत काही नाही, हे तिला माहीत असूनही धरला. मग खाली घेतला आणि मांडीवर उपडा ठेवला. ती रडली नाही. ती रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिने 'बरं' म्हटलं, नुसतं 'बरं', आणि ज्या सुरात ती 'येताना कोथिंबीर आणा' म्हणायची त्याच सुरात म्हटलं. तिने विश्वास ठेवला होता. त्याला सुटल्यासारखं झालं, आणि सुटलेल्या माणसाच्या औदार्याने त्याचं मन भरून आलं. तो तिच्या खुर्चीमागे गेला. तिच्या खांद्यावर त्याने हात ठेवला. असा हात ठेवून किती वर्षं झाली होती.

"नवसे," तो म्हणाला. हेल अगदी बरोबर जमला.

तिचा खांदा हाताखाली गार पडला, असं त्याला वाटलं. ती वळली नाही. तशीच म्हणाली, "हे नाव आज कुठून आलं?"

"कुठून म्हणजे?" तो हसला. "नवऱ्याला बायकोचं नाव माहीत नसतं का? आठवलं."

"कधी आठवलं?"

"आजच. सकाळी. तुझा फोन बघत होतो ना, तेव्हाच एकदम—"

वाक्य पुढे न्यायला जागा नव्हती आणि मागे घ्यायलाही नव्हती. ती उठली. तिने फोन टेबलावर ठेवला, त्याच्या बाजूला सरकवला, आणि पिशवीत हात घालून प्रसादाचा एक पुडा काढला.

"तेव्हा आठवलं असतं, तर तो उघडला असता," ती म्हणाली, आणि सोसायटीत सगळ्यांना द्यायचा तसा एक पुडा त्याच्या हातावर ठेवून बाकीचे पुडे वाटायला खाली निघून गेली.